25 सेंटिमीटरचा खांब

ताशी 64 किलोमीटर. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर हा वेग आपल्याला वेगच वाटत नाही. या वेगाने गाडी एका सेकंदात 17.8 मीटर जाते आणि एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, 1.78 सेंटिमीटर. यातला दुसरा आकडा लक्षात ठेवावा. गाडी रस्त्याकडेच्या खांबावर समोरून आदळते तेव्हा सेकंद हे माप फार मोठं पडतं. सगळं काही शंभरेक मिलिसेकंदांत सुरू होऊन संपतं. डोळ्याची एक उघडझाप 100 ते 400 मिलिसेकंदांची असते. पापणी मिटायला लागली तेव्हा गाडी धड होती, ती पुन्हा उघडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

या शंभर मिलिसेकंदांत गाडीला आपली सगळी गतिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. 1,400 किलोची मध्यम आकाराची गाडी ताशी 64 च्या वेगात असेल, तर ही ऊर्जा होते सुमारे 2 लाख 21 हजार जूल. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून तो उंचीत मोजू. ताशी 64 ने खांबावर आदळणं आणि 16 मीटरवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून, नाकावर पडणं यांत ऊर्जेचा काहीच फरक नाही. ताशी 100 ला ही उंची 39 मीटर होते, म्हणजे तेरा मजले. ताशी 120 ला, म्हणजे समृद्धी महामार्गावर कारला जेवढ्या वेगाची मुभा आहे तेवढ्याला, ती 56 मीटरच्या पुढे जाते: जवळजवळ एकोणीस मजले. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेत हे सूत्र आपण सगळेच शिकलो. चाक हातात आल्यावर मात्र 80 आणि 100 मधला फरक आपल्याला वीसचाच वाटतो. मजल्यांच्या हिशेबात तो आठ आणि तेरा असा आहे.

इथपर्यंतचं गणित भिंतीलाही लागू पडतं आणि खांबालाही. मग खांबाचं वेगळं काय? त्याची रुंदी.

साधारण कार 1.7 मीटर रुंद असते. तिच्या नाकात, बॉनेटखाली, डावी-उजवीकडे पोलादाच्या दोन जाड दांड्या पुढून मागे गेलेल्या असतात. धडकेत घडी घालत चुरगळायचं आणि ऊर्जा खायची, हे त्यांचंच काम. त्यांच्या पुढच्या टोकांना बंपरमागचा आडवा पोलादी तुळईसारखा भाग जोडलेला असतो. गाडी सपाट भिंतीवर आदळली की दोन्ही दांड्या पहिल्या काही मिलिसेकंदांतच कामाला लागतात आणि भार पूर्ण रुंदीवर वाटला जातो. खांबाची रुंदी मात्र वीतभराहून थोडी जास्त. युरोपातल्या प्रयोगशाळेत बाजूच्या धडकेसाठी जो खांब वापरतात तो 254 मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे गाडीच्या रुंदीचा जेमतेम सातवा हिस्सा. असा खांब नाकाच्या मधोमध आला तर तो दोन दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरतो. तिथे असतात रेडिएटर, पंखा, प्लॅस्टिक आणि पत्रा. अडवण्याचं बळ यातल्या कशातच नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा नाकाकडे चुरगळायला 90 सेंटिमीटर आहेत. पूर्ण अंतरभर सारख्या जोराने विरोध झाला, तर ताशी 64 वरून थांबताना सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या 18 पट, म्हणजे 18 जी, होतं. आता समजा खांब घुसतोय आणि पहिल्या 45 सेंटिमीटरमध्ये ऊर्जेचा फक्त पाचवा हिस्सा जिरला. अर्धं नाक संपलं तरी गाडीचा वेग अजून ताशी 57 आहे! उरलेलं सगळं काम उरलेल्या 45 सेंटिमीटरना करायचं आहे आणि मंदन 28 जीच्या पुढे जातं. शिवाय त्याच जागेत इंजिन असतं. इंजिन दबत नाही. खांब इंजिनला गाठतो, इंजिन मागे सरकतं आणि त्याच्यामागे पायांची जागा असते.

खांब मधोमध न येता कोपऱ्यावर आला तर? मग दोन्ही दांड्या बाजूलाच राहतात. भार थेट पुढच्या चाकावर आणि दरवाजाच्या बिजागरीजवळच्या खांबोळ्यावर येतो, चाक मागे ढकललं जातं आणि चालकाच्या पायांच्या जागेत शिरतं.

यापेक्षाही मला अस्वस्थ करणारी गोष्ट एअरबॅगची आहे. भिंतीवरच्या धडकेत संवेदकांना पहिल्या क्षणापासून जबर झटका जाणवतो. 15 ते 20 मिलिसेकंदांत निर्णय होतो आणि पुढच्या साधारण 30 मिलिसेकंदांत पिशवी फुगून तयार असते. गाडीतला माणूस तोवर पुढे सरकायला नुकता लागलेला असतो. खांबाच्या धडकेत सुरुवातीचा झटका मऊ असतो, कारण खांब मऊ भागातून आत येत असतो. गाडीच्या मध्यभागी बसवलेल्या संवेदकाला या काळात ही धडक आहे की रस्त्यातला मोठा खड्डा, हे ठरवणं कठीण जातं. खरा झटका येतो तो खांब इंजिनला भिडल्यावर, आणि तोवर मोलाचे मिलिसेकंद गेलेले असतात. प्रत्येक मिलिसेकंद म्हणजे 1.78 सेंटिमीटर. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ 18 सेंटिमीटर, आणि तेवढ्यात उघडणारी पिशवी आणि पुढे आलेला चेहरा यांच्यातलं अंतर संपू शकतं. अभियंत्यांनी यावर उपाय शोधला: गाडीच्या अगदी नाकाशी आणखी संवेदक बसवायचे. नव्या गाड्यांत ते असतात. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत अनेकदा नसतात.

माणसाचं शरीर किती सोसतं, याचं उत्तर एका माणसाने स्वतःवर प्रयोग करून दिलं आहे. 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या हॉलोमन हवाई तळावर हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर बसले. रुळांवरून ती ताशी 1,017 किलोमीटर वेगाला पोचली आणि 1.4 सेकंदांत थांबली. कमाल मंदन 46.2 जी. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण ते वाचले, दृष्टी परत आली आणि पुढे 1999 पर्यंत ते जगले. उरलेलं आयुष्य त्यांनी मोटारीतल्या सीटबेल्टचा आग्रह धरण्यात घालवलं, आणि त्या आग्रहाला असलेला अधिकार दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

दुसरं उदाहरण 1977 चं, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या ट्रॅकवरचं. डेव्हिड पर्ली या चालकाची फॉर्म्युला वन गाडी सुमारे ताशी 173 किलोमीटरवरून शून्यावर आली ती 66 सेंटिमीटरमध्ये. अंदाजे मंदन 179.8 जी. 29 हाडं मोडली, हृदय सहा वेळा थांबलं, आणि तरीही पर्ली वाचले. शर्यतीच्या गाडीच्या पट्ट्यांनी त्यांना घट्ट बांधून ठेवलं होतं.

आता आपल्या ताशी 64 कडे परत येऊ. वर धरलेल्या 90 पैकी समजा 60 सेंटिमीटर चुरगळून गाडी थांबली. त्याला 67 मिलिसेकंद लागले. या 67 मिलिसेकंदांत पट्टा न लावलेल्या माणसाला कोणीही अडवलेलं नाही. तो आपल्या मूळ वेगाने पुढे चालला आहे. त्याने गाडीच्या दुप्पट, म्हणजे 1.2 मीटर अंतर कापलं आणि गाडीच्या आत तो 60 सेंटिमीटर पुढे आला. डॅशबोर्ड साधारण एवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे गाडी पूर्ण थांबली त्याच क्षणी तो अजून ताशी 64 च्या वेगात डॅशबोर्डला भेटतो. गाडीच्या नाकाने दिलेल्या त्या साठ सेंटिमीटरचा त्याला शून्य फायदा झाला. छाती आणि डॅशबोर्ड मिळून 10 सेंटिमीटर दबले असं धरलं तर मंदन 161 जी होतं. 70 किलोच्या माणसावर 11 टनांहून अधिक भार येतो. शर्यतीतल्या पर्लीने सोसलेल्या आकड्याच्या इतकं जवळ आपण रोजच्या वेगात, रोजच्या गाडीत, एका पट्ट्याच्या अभावी जाऊन पोचतो.

तोच माणूस पट्टा लावून बसला असेल तर पट्टा त्याला गाडीशी जोडतो. धडकेनंतर दहाएक मिलिसेकंदांत पट्ट्याचं ओढयंत्र ढिलाई काढून घेतं, मग पट्टा मोजून-मापून थोडा सैल होतो आणि माणसाला गाडीच्या 60 सेंटिमीटरवर स्वतःचे आणखी 30 मिळतात. 90 सेंटिमीटर, 18 जी, सव्वा टन. बरगडी दुखेल, मोडेलही कदाचित. माणूस घरी येईल. 1959 मध्ये व्हॉल्व्हो कंपनीत नील्स बोलिन या अभियंत्याने हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला. त्याआधी ते विमानातल्या वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. कंपनीने पेटंट इतर सगळ्या उत्पादकांना वापरायला मोकळं ठेवलं. मोटारींच्या इतिहासात यापेक्षा थोर निर्णय मला माहीत नाही.

मागच्या सीटवरच्या माणसाला हे गणित लागू होत नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. 31 ऑगस्ट 1997 ला पॅरिसमध्ये अल्मा पुलाखालच्या बोगद्यात प्रिन्सेस डायनाची मर्सिडीज बोगद्याच्या तेराव्या खांबावर समोरून आदळली. वेग ताशी 100 च्या आसपास, मर्यादा 50. चार जणांपैकी कोणीही पट्टा लावलेला नव्हता आणि मागे बसलेले दोघेही गेले. पंचवीस वर्षांनी, 4 सप्टेंबर 2022 रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तेही मागच्या सीटवर होते. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गाडी उत्तम प्रतीची होती, पण उत्तम गाडीचं नाकही तिच्याशी बांधलेल्या माणसालाच अंतर देऊ शकतं. त्याच 2022 मध्ये देशात सीटबेल्ट न लावल्यामुळे 16,715 माणसं मेल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. त्यातले जवळपास निम्मे, 8,331, प्रवासी होते.

गाडी घेताना आता लोक 'किती स्टार' हा प्रश्न विचारतात, याचा मला मनापासून आनंद आहे. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. पण स्टार नेमके कशाचे, हेही माहीत असावं. समोरच्या धडकेची चाचणी ताशी 64 ला होते. गाडी आदळते ती अॅल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचनेवर आणि तिच्या रुंदीचा 40 टक्के भाग त्यावर येतो, म्हणजे सुमारे 68 सेंटिमीटर. त्या पोळ्याची खोली 54 सेंटिमीटर. म्हणजे समोरची वस्तूही दबते आणि ऊर्जेचा वाटा उचलते. सिमेंटचा खांब एक सेंटिमीटरही उचलत नाही. खांबाची चाचणी भारत एनकॅपमध्ये आहे, पण ती बाजूच्या धडकेची, ताशी 29 ला. नाकावर घेतलेल्या खांबाची नाही. पाच स्टारची गाडी जरूर घ्यावी. ते पाच स्टार ताशी 100 च्या वेगात समोर आलेल्या खांबासाठी दिलेले नाहीत, एवढं ध्यानात ठेवून ती चालवावी.

चाचणी बदलली की गाड्या बदलतात, हे मात्र सिद्ध झालं आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2012 मध्ये नवी चाचणी आणली. गाडीचा पुढचा कोपरा झाडावर किंवा विजेच्या खांबावर आदळल्यावर काय होतं, ते पाहण्यासाठी नाकाचा फक्त 25 टक्के भाग, तोच ताशी 64 चा वेग आणि पाच फूट उंचीचा कठीण अडथळा. पहिल्या फेरीत मध्यम आकाराच्या 11 महागड्या गाड्या घेतल्या. आधीच्या चाचण्यांत नावाजलेल्या या अकरांपैकी फक्त तीन बऱ्या ठरल्या. कंपन्यांनी पुढच्या काही वर्षांत गाड्यांचे कोपरे नव्याने बांधले. मग 2016 मध्ये त्याच संस्थेने सात छोट्या एसयूव्ही घेतल्या. चालकाच्या बाजूने सगळ्यांना उत्तम गुण होते. या वेळी धडक प्रवाशाच्या बाजूने घेतली. उत्तम ठरली एकच. जी बाजू तपासली जाणार होती तीच बहुतेकांनी मजबूत केली होती. म्हणूनच समोरच्या खांबाची चाचणी आपल्या नियमांत यावी, असं माझं ठाम मत आहे. ऑटोमोबाइल क्षेत्राची मानकं जिथे तयार होतात ती एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे आणि तिथल्या अभियंत्यांना हे जमणार नाही असं मला मुळीच वाटत नाही.

तरी गाडी सुधारण्याला मर्यादा आहे. ताशी 100 ला 27 जीच्या आत थांबायचं तर दीड मीटर चुरगळायला हवं. एवढं नाक कोणत्याही घरगुती कारला नसतं. म्हणून खांबाकडे वळावंच लागतं.

खांब कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं. ताशी 100 च्या वेगात चालकाला डुलकी लागली आणि गाडी फक्त 5 अंशांनी कलली, तर कडेपासून अडीच मीटरवरचा खांब गाठायला तिला लागतो एक सेकंद. 1960 च्या दशकात जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानावरच्या अभ्यासातून अमेरिकी रस्ते अभियंत्यांनी एक अंतर धरलं: 30 फूट, म्हणजे 9 मीटर. रस्त्याकडेला एवढी सपाट, मोकळी जागा असेल तर रस्ता सोडलेल्या सुमारे 80 टक्के गाड्या सावरतात. एवढी जागा आपल्या घाटांत आणि गावांत मिळणार नाही, हे उघड आहे. मग खांबच बदलता येतो. टेक्सासमध्ये त्याच दशकात असा दिव्याचा खांब तयार झाला की ज्याचा पाया धक्क्याने सुटतो. पायाच्या दोन पट्ट्या एकमेकींवरून घसरतात आणि खांब गाडीच्या वरून मागे जाऊन पडतो. युरोपात अशा खांबांसाठी स्वतंत्र मानक आहे. त्यातल्या सर्वांत हलक्या वर्गाचा खांब 900 किलोच्या गाडीने ताशी 100 ने उडवला, तर गाडी पलीकडे ताशी 70 ते 100 ने बाहेर पडते. पाचवा मजलाही नाही, तेरावाही नाही. आतल्या माणसाला धक्का बसतो आणि तो ब्रेक दाबू शकतो. पदपथावर माणसं असतील तिथे वाकून गाडीला धरून ठेवणारे खांब लावतात. विजेच्या तारा वाहणाऱ्या खांबाला मात्र हा उपाय चालत नाही, कारण तो पडला तर तारा रस्त्यावर येतात. तो मागे हटवावा लागतो किंवा त्याच्यापुढे योग्य टोकाचा कठडा घालावा लागतो. झाडांबाबतही मी कठड्याच्याच बाजूचा आहे. शंभर वर्षांचा वड तोडून रस्ता सुरक्षित केला, असं म्हणणं मला पटत नाही.

1 जुलै 2023 च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस कडेच्या खांबाला आणि मग दुभाजकाला धडकली, उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. दुसरीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून तिथे कडेच्या उघड्या धोक्यांपासून वेगावरच्या नजरेपर्यंत एकेक गोष्ट हाताळायला घेतली. 2019 मध्ये तो आकडा 92 वर आला. तोही फारच होता, पण तीन वर्षांत 59 ने उतरलेला होता.

आपल्या तालुक्यातल्या रस्त्याचं रुंदीकरण झालं असेल, तर खांब कुठे राहिले ते पाहून या. डांबर त्यांच्यापर्यंत येऊन पोचलेलं, कधी त्यांना वळसा घालून पुढे गेलेलं अनेक ठिकाणी दिसेल. खांब हलवण्याचा खर्च रस्त्याच्याच अंदाजपत्रकात धरला जावा, ही मागणी काम सुरू होण्याआधी करायची असते. काम होऊन गेलं असेल तरी गप्प बसू नका. खांबाचा फोटो, जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि डांबराच्या कडेपासून खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. अर्जाची एक प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या, दुसरी महावितरणला, तिसरी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला. अर्ज लेखी असू द्या आणि पोच घ्या. आणि त्या कार्यालयात गाडीने जाणार असाल, तर मागे बसलेल्या आईवडिलांचा पट्टा आधी लावा.